शीव हलवण्याआधी आम्हाला विचारा

प्रति,
कोमूने (म्हणजे इथल्या पालिका) आणि जिल्हे यांचं मंत्रालय, ऑस्लो,
स्टोर्टिंगचे, म्हणजे नॉर्वेच्या संसदेचे, सगळे सदस्य,
आणि सुनमोरेतल्या सगळ्या कोमूनेंमध्ये निवडून आलेले सगळे जण

सप्रेम नमस्कार.

मी मूळची पुण्याजवळची, 2011 पासून सुनमोरेत राहते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर मोरे ओ रुम्सदाल नावाचा जिल्हा आहे, त्याचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे सुनमोरे, बाहेर समुद्रात बेटं आणि आत डोंगरांमध्ये लांबपर्यंत शिरलेले फ्योर्ड म्हणजे समुद्राचे चिंचोळे फाटे, गैरांगर फ्योर्डचे फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे बघितलेले असतात, तो इथलाच. माझा नवरा जहाजांच्या कामात आहे आणि मी म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. आमचं गाव आधी एका छोट्या कोमूनेचं मुख्य गाव होतं, ती कोमूने आता नाही. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझं भांडण कुठल्या एका ऑफिसातल्या माणसांशी नाहीये, ती माणसं माझ्यासारखीच दिवसभर राबतात. माझं भांडण एका पद्धतीशी आहे, लोकांना न विचारता कोमूनेंच्या हद्दी बदलायच्या, आणि ती बदलणं तुमच्या हातात आहे.

पत्र मराठीत लिहितेय कारण मनातलं नीट याच भाषेत येतं, आणि नॉर्वेत राहणाऱ्या आपल्या लोकांनीही हे वाचावं असं वाटतं. निनोर्स्कमधली, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लिखित भाषांपैकी एकीतली, प्रत तुम्हाला वेगळी पाठवलेली आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते, कारण हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला गेलाय, तू तर बाहेरून आलेली, तुला कोमूनेच्या हद्दीचं काय एवढं. इथली कोमूने म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि नगरपालिका एकत्र केली तर जे होईल ते. बालवाडी तिची, दहावीपर्यंतची शाळा तिची, फॅमिली डॉक्टर तिच्या यादीतून, लहान बाळाची लस तिच्याकडे, म्हाताऱ्यांची काळजी, नळाचं पाणी, गटार, घराला एक खोली वाढवायची तर त्याचा परवाना, सगळं. माणूस या देशात आला की देश त्याला आधी कोमूने म्हणूनच भेटतो. आणि अजून एक, नॉर्वेत सलग 3 वर्षं राहिलं की परदेशी नागरिकालाही कोमूनेच्या आणि जिल्ह्याच्या निवडणुकीत मत देता येतं. स्टोर्टिंगच्या निवडणुकीत मला आजही मत नाही, माझा पासपोर्ट भारतीय आहे. पण 2015 च्या सप्टेंबरमध्ये मी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन कोमूनेसाठी मत दिलं, यादीतली निम्मी नावं ओळखीची होती, एक आमच्या मुलीच्या बालवाडीतली बाई, एक दुकानात भेटणारे काका, एक मच्छीमार. घरी आल्यावर मी आईला फोन करून सांगितलं की आज मी इथली झाले. ज्या कोमूनेला मी ते मत दिलं ती चार-पाच वर्षांत नकाशावरून गेली, आणि जाताना माझ्याकडे कुणी एक साधा कागदही पाठवला नाही की बाई, तुला काय वाटतं.

आता हे सगळं पहिल्यांदाच झालंय असं नाही, आणि तुम्हाला इतिहास सांगायची गरज नाही हे मला कळतं, पण तो एकदा ओळीने मांडून बघितला की त्यातून जे दिसतं ते तुम्ही नीट बघितलंय असं मला वाटत नाही. 1837 च्या कायद्याने गावांना स्वतःचा कारभार मिळाला, चर्चचा जो इलाका तीच साधारण कोमूने, सुरुवातीला देशात 392 होत्या. मग दऱ्याखोऱ्यांतले लोक म्हणायला लागले की आम्हाला मुख्य गाव लांब पडतं, फाटे फुटत गेले आणि 1930 पर्यंत आकडा 747 वर गेला. त्या वेळी फ्योर्ड हाच रस्ता होता हे लक्षात घ्या. होडीने समोरच्या काठाला जाणं सोपं आणि डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात जाणं अवघड, म्हणून पाण्याच्या दोन्ही बाजूंची गावं एकत्र असायची आणि एका डोंगराच्या दोन बाजू मात्र वेगळ्या. मग गाड्या आल्या, रस्ते आले, बोगदे आले, आणि ज्या पाण्याने लोक जोडले होते तेच पाणी मध्ये यायला लागलं. हद्दी बदलायची गरज होती हे मी मान्य करते.

1946 मध्ये सरकारने हद्दी नव्याने ठरवायला शेई समिती नेमली. तिचे अध्यक्ष निकोलाय शेई हे शेजारच्या सोन ओ फ्योर्डाने जिल्ह्याचे राज्यपाल, म्हणजे फ्योर्डमधलं जगणं काय असतं हे न बघितलेला माणूस नव्हता तो. तिच्या कामातून 1958 ते 1967 या काळात 744 कोमूनेंच्या 454 झाल्या. सुनमोरेत तर एका पिढीच्या डोळ्यांदेखत किती नावं गेली, योरुनफ्योर्ड आणि वार्टदाल 1964 ला ओर्स्टात गेल्या, दाल्सफ्योर्ड त्याच वर्षी वोल्डात, विग्रा यिस्केत, 1965 ला सुन्नुल्वेन स्ट्रांडात आणि वात्ने हारममध्ये, आणि 1968 ला बोरगुन, जी शहराभोवतीची एवढी मोठी आणि जुनी कोमूने, ती ओलेसुनमध्ये. बोरगुनला तर मध्ययुगात बाजारपेठ होती, आज जिथे सुनमोरे म्युझियम आहे तिथे, ओलेसुन शहराचा त्या काळी पत्ता नव्हता.

यातल्या बऱ्याच जोड्या टिकल्या. योरुनफ्योर्डचे लोक आज ओर्स्टाचेच आहेत आणि त्यावरून कुणी रस्त्यावर येत नाही. पण ज्या टिकल्या नाहीत त्या बघा. हाराइडला 1964 मध्ये उल्स्टाइनमध्ये घातलं, 1 जानेवारी 1977 ला हाराइड परत वेगळी झाली. सुला बेट बोरगुनबरोबर ओलेसुनमध्ये गेलं, 1977 च्या त्याच दिवशी तेही बाहेर आलं. सुनमोरेच्या सीमेपलीकडचं हॉर्निंदाल, जिथे युरोपातला सगळ्यात खोल तलाव आहे, 514 मीटर, ते 1965 ला मोडलं, तेही 1977 च्या त्याच दिवशी परत उभं राहिलं आणि 2020 ला वोल्डात आलं, जिल्हा बदलून. एकाच गावाला एका माणसाच्या आयुष्यात तीन वेळा सांगायचं की आता तू इथला, आता तिथला. आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजी होत्या, त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही पण हद्द बदलली तेव्हा कोण कुणाशी बोलायचं बंद झालं ते सगळं आठवायचं, नावानिशी. त्या मला म्हणायच्या की राग जोडल्याचा नव्हता, राग न ऐकल्याचा होता. मी हे वाक्य गेली कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय.

आणि तरी 2014 ला पुन्हा तेच सुरू झालं. नवी सुधारणा आली, 8 जून 2017 ला स्टोर्टिंगने निर्णय घेतले, आणि 1 जानेवारी 2020 पर्यंत देशातल्या 119 कोमूनेंच्या 47 झाल्या, एकूण आकडा 356 वर आला. आमच्या बाजूला ओलेसुन, हारम, स्कूये, ओर्स्कूग आणि सान्दोय या पाच मिळून एक झाल्या. नोर्दाल आणि स्टूर्दाल मिळून जी झाली तिचं नाव ठेवलं फ्योर्ड. मला हे नाव अजूनही लागतं. ताफ्योर्ड त्याच कोमूनेत आहे, जिथे 7 एप्रिल 1934 ला डोंगर पाण्यात कोसळून लाट आली आणि 40 माणसं गेली, इतकी आठवण असलेल्या दोन नावांच्या जागी असं नाव आलं जे या किनाऱ्यावर कुठल्याही गावाला लावता येईल.

मग हारम. तिथल्या लोकांना हे पटलेलं नव्हतं आणि ते गप्प बसले नाहीत. 2021 ला सरकार बदललं, नव्या सरकारने सांगितलं की ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांनी अर्ज करा, 2022 मध्ये हारमच्या लोकांना विचारलं गेलं, बहुमत वेगळं व्हायच्या बाजूने पडलं, आणि 1 जानेवारी 2024 ला हारम कोमूने परत नकाशावर आली. देशात आता 357. त्या दिवशी मला आनंद झाला हे लपवत नाही, माझं गाव हारममध्ये असो नसो. पण त्याच दिवशी नकाशा उघडून बघितला तर सान्दोयची बेटं, म्हणजे हारोया आणि पलीकडची ओना वगैरे, ओलेसुनमध्येच राहिलेली. नॉर्दोयवेगेन नावाचा पूल आणि समुद्राखालच्या बोगद्यांचा मोठा रस्ता 2022 ला सुरू झाला, बेटं मुख्य भूमीला जोडली गेली, फार चांगलं काम आहे ते, पण तो रस्ता जातो हारममधून. म्हणजे हारोयावरच्या माणसाला आज गाडीने स्वतःच्या कोमूनेच्या मुख्य ऑफिसात जायचं तर दुसरी कोमूने पूर्ण पार करून जावं लागतं. यात कुणाचीच वाईट बुद्धी नव्हती. पण आधी जोड, मग तोड, आणि प्रत्येक वेळी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं किंवा विचारलंच नाही, की अशा रेषा तयार होतात.

(माझ्या माहेरच्या लोकांना हे अजिबात नवीन नाही. पुणे महापालिकेत 2017 ला 11 गावं घेतली, 2021 ला अजून 23, आणि मग 2024 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, तुमच्याकडेही असंच असतं होय? मला खरंच बोलायला काही सुचलं नाही.)

आता माझ्या तक्रारी. एकेक सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी. तुमच्या हद्दींच्या कायद्यात, इन्देलिंग्सलोवात, कलम 10 आहे. त्यात लिहिलंय की हद्द बदलायच्या प्रस्तावावर कोमूनेच्या सभेने रहिवाशांचं मत घ्यायला हवं, मतदान घेऊन, सर्व्हे करून, प्रश्नावली पाठवून, बैठक घेऊन किंवा अजून कशीतरी. शब्द आहे 'बोर'. म्हणजे घेतलं तर बरं, घेतलेलं चांगलं. 'स्काल' नाही, म्हणजे घेतलंच पाहिजे असं नाही. मला नॉर्वेजियन शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात या दोन शब्दांमधला फरक फळ्यावर लिहून सांगितला होता, डॉक्टर म्हणाला 'बोर' तर तू ठरव, म्हणाला 'स्काल' तर कर. घराला एक खोली वाढवायची तर शेजाऱ्याला आधी कळवावं लागतं, कितीतरी बांधकामांना तो नियम आहे आणि चांगला आहे. माझ्या शेजाऱ्याला माझ्या भिंतीबद्दल कळवणं बंधनकारक, आणि मला माझ्या अख्ख्या कोमूनेबद्दल विचारणं ऐच्छिक, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

शिवाय विचारायची पद्धतही मोकळी सोडलेली. एका गावात मतपेटी, दुसऱ्यात फोनवरून काहीशे लोकांना प्रश्न, तिसऱ्यात हॉलमध्ये मीटिंग जिथे जो मोठ्याने बोलतो त्याचं ऐकलं जातं. आणि मग वर आकडे जातात की लोकांचं मत घेतलं. ज्या आजींना घरातून बाहेर पडता येत नाही, ज्या पोलिश कामगाराला निनोर्स्कमधलं पत्रक कळत नाही, त्यांचं मत त्यात कुठे असतं?

दुसरी तक्रार प्रतिनिधींची. कायद्यात सभासदांची किमान संख्या दिलेली आहे, 5,000 पर्यंत वस्तीला किमान 11, 5,000 ते 10,000 ला 19, 10,000 ते 50,000 ला 27, त्यापुढे 1 लाखापर्यंत 35. त्या पाच कोमूनेंचा हिशोब मी कागदावर मांडला. वेगवेगळ्या असताना किमान 79 माणसं निवडून यायलाच हवी होती, तीन छोट्यांची 11 प्रमाणे 33, हारमची 19, ओलेसुनची 27. एक झाल्यावर किमान 35 पुरतात. जास्त ठेवता येतात हे माहीत आहे आणि ठेवली जातातही, मी फक्त कायदा काय गॅरंटी देतो ते सांगतेय. आणि छोट्या गावात निवडून आलेला माणूस म्हणजे काय हे शहरातल्यांना कळत नाही. रस्त्यावर बर्फ साफ झाला नाही तर तुम्ही त्याला दुकानात दुधाच्या फ्रीजपाशी गाठता. त्याला उत्तर द्यावंच लागतं, कारण उद्या परत तिथेच दूध घ्यायला यायचंय.

तिसरी पैशाची, आणि ही सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. प्रत्येक कोमूनेला वस्ती कितीही असो सरकारकडून एक मूळ रक्कम मिळते, छोट्यांपैकी काहींना त्यावर थोडी जास्त. पाच जोडून एक केली की पाच मूळ रकमांच्या जागी एकच उरते. हा तोटा लगेच जाणवू नये म्हणून इन्देलिंग्सतिल्स्कूत नावाची भरपाई असते, ती 15 वर्षं पूर्ण मिळते आणि मग 5 वर्षांत कमी होत होत संपते. म्हणजे 2020 ला जोडलेल्यांची भरपाई 2035 पासून उतरायला लागणार. आज ज्या गावातली शाळा चालू आहे, नर्सिंग होम चालू आहे, तिथल्या लोकांना असं वाटतंय की बघा, जोडूनही काही बंद पडलं नाही. 2035 नंतर काय, हे त्यांना कुणी सांगितलंय का? मी आमच्या कामाच्या ठिकाणी चहाच्या वेळेला विचारलं, नऊ जणांत एकालाही माहीत नव्हतं. आणि आत्ता तान्ही असलेली पोरं नेमकी तेव्हा हायस्कूलच्या वयाची असणार.

चौथी, कागदांची. ही माझी स्वतःची. आमचं घर जुनं आहे, 1950 च्या दशकातलं, आणि आमची वाडी 1960 च्या आधी तिसऱ्याच कोमूनेत होती, म्हणजे या घराने एका जागी उभं राहून तीन कोमूने बघितल्या. मागच्या बाजूला एक खोली काढायची म्हणून मूळ नकाशे हवे होते. एका काउंटरवर सांगितलं जुन्या कोमूनेचे कागद दुसरीकडे गेलेत, दुसरीकडे सांगितलं तुमचा कंप्युटरमधला नंबर जुना आहे, नव्या नंबरवर काही सापडत नाही, तिसरीकडे एक मुलगी फार चांगली होती, तिने दोन दिवस शोधलं आणि सापडलं ते शेजारच्या घराचं. चार महिने गेले. शेवटी नकाशा मिळाला तो कुणाकडे, तर घर बांधणाऱ्या सुताराच्या मुलाकडे, त्याच्या माळ्यावरच्या पेटीत. त्याच काळात आमच्या रस्त्याचं नावही बदललं, कारण चर्चरोड नावाचा रस्ता प्रत्येक जुन्या कोमूनेत होता आणि एकाच कोमूनेत एका नावाचे दोन रस्ते ठेवता येत नाहीत, ॲम्ब्युलन्स चुकीच्या दारात जाईल. हे कारण बरोबर आहे. पण ज्याला ऐंशी वर्षं चर्चरोड म्हटलं त्याला काय म्हणायचं हे तरी त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारता आलं असतं.

पाचवी, भाषेची. सुनमोरे हा निनोर्स्कचा मुलूख आहे. इव्हार ओसेन, ज्यांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची बोली ऐकून ही लिखित भाषा उभी केली, ते 1813 ला ओर्स्टातल्या होवदेबिग्दात जन्मले, तिथेच आज त्यांच्या नावाचं केंद्र आहे. हारम, स्कूये, ओर्स्कूग, सान्दोय, या चारही कोमूनेंची कारभाराची भाषा निनोर्स्क होती. ओलेसुन शहर या बाबतीत तटस्थ, म्हणजे निनोर्स्क की बोकमोल (दुसरी लिखित नॉर्वेजियन) हे त्याने ठरवलेलं नाही. चौघी तटस्थात मिळाल्या की उत्तर तटस्थच येतं. मी निनोर्स्क शिकले ती म्हाताऱ्या माणसांकडून, त्यांना औषध देताना, त्यांचे मोजे घालताना. आपल्याकडे मालवणी बोलणाऱ्या माणसाला शहरातल्या ऑफिसात गेल्यावर जसं आवाज खाली घेऊन बोलावं लागतं तसं या माणसांना स्वतःच्या कोमूनेचं पत्र वाचताना वाटू नये, एवढंच माझं म्हणणं.

मला दुसरी बाजूही माहीत आहे, उगाच एकतर्फी लिहायचं नाहीये. दोन हजार वस्तीच्या कोमूनेला बालसंरक्षणाचं काम जाणणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी तो ज्या घराची चौकशी करणार त्या घरातल्यांबरोबर फुटबॉल खेळलेला असतो. इंजिनीअर मिळत नाही, वकील मिळत नाही. रात्रपाळीला नर्स मिळत नाही हे तर मी रोजच बघते. वेगळं व्हायलाही पैसा आणि माणसांची ताकद लागते, दोन-दोन वेळा सिस्टीम बदलून ऑफिसातले लोक थकून जातात, ते थकलेले चेहरे मी काउंटरच्या पलीकडे बघितलेत. त्यामुळे प्रत्येक जुनी कोमूने परत आणा असं मी म्हणत नाहीये. कदाचित आमच्या गावाने विचार करून, मत देऊन, जोडूनच घ्यायचं ठरवलं असतं. कदाचित मीही जोडण्याच्या बाजूने मत दिलं असतं! पण ते मत माझं असतं.

तेव्हा मागण्या या आहेत.

कलम 10 मधला 'बोर' काढा आणि तिथे 'स्काल' लिहा. हद्दीचा कुठलाही मोठा बदल, जोडणं असो की तोडणं, त्याआधी तिथल्या रहिवाशांचं मतदान घेणं सक्तीचं करा, मतपेटी ठेवून, सगळीकडे एकाच पद्धतीने, आणि कोमूनेच्या निवडणुकीत ज्यांना मत आहे त्या सगळ्यांना त्यात मत द्या, आमच्यासारख्या परदेशी पासपोर्टवाल्यांनाही. मतदान सल्ल्यापुरतं असतं हे मला माहीत आहे, अंतिम निर्णय तुमचा, पण लोकांच्या विरुद्ध जायचं असेल तर का जातोय ते लेखी, साध्या भाषेत, त्या गावात जाऊन सांगा. नुसतं वेबसाइटवर टाकू नका.

जोडल्यावर दोन निवडणुका, म्हणजे 8 वर्षं झाली की प्रत्येक जुन्या कोमूनेच्या हद्दीत एकदा परत विचारा, कसं चाललंय, राहायचंय का. हाराइडला 13 वर्षं थांबावं लागलं, हारमला 4 वर्षांत जमलं कारण सरकार बदललं. गावाचं नशीब ऑस्लोत कोण जिंकतं यावर ठरू नये. आणि एक गाव बाहेर पडताना शेजारच्या गावाची वाट तुटत असेल, हारोयासारखी, तर त्या शेजाऱ्यालाही त्याच वेळी, त्याच कागदावर विचारा.

भरपाईचा पैसा कुठल्या वर्षी किती येणार आणि कधी संपणार याचा एक पानी हिशोब प्रत्येक जोडलेल्या कोमूनेने दर वर्षी घरोघरी पाठवावा, निनोर्स्कमध्ये आणि तिथे राहणाऱ्यांना कळेल अशा बाकीच्या भाषांमध्ये. 2035 यायला अजून वेळ आहे, तयारी करता येईल.

प्रत्येक जुन्या कोमूनेच्या मुख्य गावात एक काउंटर ठेवा जिथे आठवड्यातून निदान दोन दिवस खरा माणूस बसलेला असेल. ॲपवर सगळं होतं हे माझ्या वयाच्या माणसाला सांगा, नव्वदीच्या बाईला नको. तसंच जुने कागद, नकाशे, सभांची इतिवृत्तं जुन्या कोमूनेच्या नावाने शोधता आली पाहिजेत, 1964 च्या आधीच्यांच्याही. वार्टदाल, दाल्सफ्योर्ड, सुन्नुल्वेन, वात्ने असं टाइप केलं की त्या कोमूनेचं सगळं समोर आलं पाहिजे. हे फार खर्चाचं काम नाही, यादी करायची आणि दोन आकड्यांची सांगड घालायची.

रस्त्याच्या कडेला जुन्या हद्दीवर जुन्या कोमूनेच्या नावाची पाटी राहू द्या. आमच्या मराठीत गावाच्या सीमेला शीव म्हणतात, शिवेवर देव असतो, लग्नाची वरात शिवेवर थांबते, नारळ फुटतो मग पुढे जाते. इथे नारळ नाही पण पाटी आहे, आणि माझी मुलगी लहान असताना गाडीतून ती पाटी दिसली की ओरडायची, आलं आपलं! पाटी काढली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिने विचारलं आपण अजून तिथेच राहतो ना, आणि मी हो म्हटलं.

आणि भाषेचं, जिथे निनोर्स्कवाल्या कोमूने तटस्थ किंवा बोकमोलवाल्यांत गेल्या तिथे त्या जुन्या हद्दीतल्या माणसांना येणारी पत्रं निनोर्स्कमध्येच यावीत, न मागता.

2027 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा कोमूनेच्या निवडणुका आहेत. कलम 10 चा बदल त्याआधी स्टोर्टिंगमध्ये मांडा अशी माझी विनंती आहे. सुनमोरेतल्या निवडून आलेल्या सगळ्यांना वेगळी विनंती ही की आपापल्या सभेत या एका शब्दावर ठराव करा आणि मंत्रालयाला पाठवा, मग तुम्ही जोडण्याच्या बाजूचे असा किंवा तोडण्याच्या. जे वाचक या भागात राहतात आणि ज्यांना 3 वर्षं झालीत, त्यांनी मतदार यादीत आपलं नाव आहे का ते बघून घ्या, आणि मत मागायला जो येईल त्याला 'बोर' की 'स्काल' एवढं विचारा.

मंत्रालयाने उत्तर निनोर्स्कमध्ये पाठवावं. आल्यावर त्याचं मराठी करून मी इथेच टाकेन.

आपली,
सुनमोरेतल्या एका जुन्या कोमूनेची रहिवासी